शालनचं जे दिल्लीत राहिलं

कराडच्या एस.टी. स्टँडवर शालनची आई रडली नाही. तिनं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. त्यात बाजरीचं पीठ होतं, लसणीची चटणी होती आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला दगडी पाटा होता. वरवंटा घरीच विसरला होता. मी म्हटलं, दिल्लीत दगड मिळतात. सासूबाई म्हणाल्या, "मिळत असतील. आपला न्या." मग शालनकडं वळून म्हणाल्या, "तिकडं थंडी लई असती म्हणं. कढत पाण्यानं आंघोळ करत जा. अंगात थंडी शिरू देऊ नगंस." शालनचा धाकटा भाऊ हणमंत, तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेला, त्यानं तो पाटा गाडीच्या टपावर चढवला आणि शिव्या घातल्या. गाडी सुटली.

माझे वडील आले नव्हते. वर्षभर आधी मी एकटा निघालो तेव्हा येऊन गेले होते. तेव्हा म्हणाले होते, "पोटापुरतं मिळालं की परत फिर." एकदा आले, दुसऱ्यांदा कशाला येतील? मळ्यात काम होतं.

आणीबाणी उठल्यानंतरचं ते साल. आता मी म्हातारा आहे आणि शालन गेल्या माघात गेली. हणमंत फोन करतो. म्हणतो, दाजी, आता तिथं काय ऱ्हायलंय? परत या. आणि येताना ताईचं जे तिथं हाय ते घेऊन या, वर्षश्राद्धाला नदीला सोडू.

शालनचं जे इथं आहे ते म्हणजे तिचा मेंदू. गुडगावच्या पुढे एक संशोधन करणारी संस्था आहे, तिथं तो ठेवलेला आहे. चोरीला गेलेला नाही, मी दिला. आता तो परत मागून गावाला न्यायचा का नाही, आणि मीही गाशा गुंडाळून जायचं का नाही, हे ह्या पौषात ठरवायचं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मला सांगितलं की गाव सोडून दिल्लीत कसे आलात ते लिहा. मी चौथीपर्यंत शिकलोय. दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायला मला जमत नाही. माझं येणं, राहणं आणि हा मेंदू हे सगळं एकच आहे, म्हणून एकच लिहितो. गावाकडच्यांनीही वाचावं. जे माझ्यासारखे इकडं आले आणि राहिले त्यांना फार समजावून सांगायला लागणार नाही.

कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याचं गेस्ट हाऊस आहे, तिथल्या स्वयंपाकघरात मी लागलो. आधी भांडी, मग कांदा चिरणं, मग भाकऱ्या, मग सगळंच. गावाकडून आलेला साहेब पहिल्या दिवशी पनीर मागतो, दुसऱ्या दिवशी झुणका. हे मी सगळ्यांचं बघितलंय, कितीही मोठा असू दे. मागे नोकरांच्या खोल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली. पुढे सरकारी योजनेत मयूर विहारला फेज तीनमध्ये छोटा फ्लॅट लागला. तिथं मी अजून राहतो. शालन आली तेव्हा तिला हिंदीतला 'है' सुद्धा येत नव्हता. सहा महिन्यांत भाजीवाल्याशी अशी भांडायला लागली की तो तिला यूपीची समजायचा. मग आम्हाला मुलगी झाली, मीना. मीनाचं मराठी अर्धं हिंदी आहे. तिला 'शेक' माहीत नव्हतं, 'सिकाई' म्हणायची. पुढे तिला तो शब्द चांगलाच कळला.

आजार दिवाळीत दिसला. नरक चतुर्दशीला उजाडायच्या आत आंघोळी व्हायला पाहिजेत, तेल-उटणं लावून, कढत पाण्यानं. हे आपल्याकडं कुणी शिकवत नाही, असतंच. दिल्लीत त्या वेळेपर्यंत गारठा पडायला लागतो म्हणून पाणी आणखीनच कढत. लोखंडी बादलीत रॉड टाकायचा, वाफा निघाल्या की पुरे. शालननं मला न्हाऊ घातलं, मीनाला घातलं आणि सगळ्यात शेवटी स्वतः बसली, सगळ्यात कढत पाणी घेऊन. आईनं सांगितलं होतं ना. बाहेर आली आणि म्हणाली, "पणतीभोवती धूर का दिसतोय?" धूर नव्हता. मग रांगोळीला बसली आणि उठता येईना. पाय ओल्या फडक्यासारखे. ऊन वर आलं तोवर सगळं ठीक. आम्ही हसलो. फराळ करून दमलीस म्हटलं.

पुढच्या दिवाळीलाही तसंच झालं. मग मे महिन्यात व्हायला लागलं, मग चुलीपाशी उभं राहिलं तरी. एका डॉक्टरनं रक्त कमी म्हणून टॉनिक दिलं. एकानं कंबरेची नस सांगितली. एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, घर में झगड़ा-वगड़ा है क्या? मी म्हटलं आहे, पण त्यानं पाय जात नाहीत.

सुट्टीत गावाला नेली. आता हणमंतानं हे वाचताना राग धरू नये, कारण जे झालं ते त्यानं मायेनं केलं आणि मीही तिथंच होतो. सगळ्यांचं एक मत पडलं की दिल्लीची थंडी हाडात बसलीय. हणमंत रोज ओढ्याकाठून निर्गुडीचा पाला आणायचा. सासूबाई तो उकळायच्या. अंघोळीला तेच पाणी, वर वाळूच्या गरम पुरचुंड्यांचा शेक, पाठीला, पायाला, मानेला. शेक झाला की शालनचा हात उचलायचा नाही. दिसायचं धूसर. सासूबाई म्हणायच्या, "थंडी निघायला लागली की असंच होतं." मग आणखी कढत. आली होती स्वतःच्या पायानं, परतीच्या गाडीत मी आणि हणमंतानं उचलून बसवली. सगळं गाव तिच्या अंगातली दिल्ली काढत होतं आणि दिल्लीचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढे मोठ्या सरकारी दवाखान्यात मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरनं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मी म्हटलं, मराठीत काय म्हणतात? तो सरदारजी होता. म्हणाला, "मराठी में भी यही कहते हैं, भाईसाहब." मग त्यानं सांगितलं की ह्यांना उष्णता सोसत नाही, गरम पाणी बिल्कुल बंद. घरी येऊन शालननं गार पाण्याची बादली भरली. कार्तिकात. अंगावर तांब्या ओतून घेतला, किंचाळली आणि नंतर म्हणाली, "आईला सांगू नका, तिला वाईट वाटेल." मी सांगितलं नाही. सासूबाई गेल्या तोपर्यंत त्यांना वाटत होतं की निर्गुडी अजून थोडे दिवस घेतली असती तर पोरगी बरी झाली असती.

ह्या आजारात काय होतं ते मला फार उशिरा कळलं, रूथ मॅडमकडून. आधी त्या कोण ते सांगतो. नगरकडचं ख्रिश्चन कुटुंब. वडील केंद्र सरकारात होते म्हणून दिल्लीत आले आणि राहिले. मॅडमचा जन्म इथलाच. मेंदूवर संशोधन करतात. दवाखान्याच्या ओपीडीत आल्या होत्या, पेशंटचं रक्त घ्यायला. आमचं मराठी ऐकून जवळ आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुमचं थोडंसं ब्लड पाहिजे होतं, चालेल का?" शालननं विचारलं, औषध देणार का? त्या म्हणाल्या, "नाही काकू, मी औषध नाही देत. मी फक्त बघते, आत काय होतं ते."

शालन म्हणाली, "बघ बाई. कुणीतरी बघ."

ह्याचं कारण असं. पहिली बरीच वर्षं आजार झटक्यानं यायचा. डोळा जायचा, परत यायचा. पाय जायचा, अर्धा परत यायचा. इंजेक्शनं चालायची. मग झटके थांबले. फोटो काढला की डॉक्टर म्हणायचे, नया कुछ नहीं है, बीमारी शांत है. आणि शालन मात्र काठीवरून वॉकरवर गेली, वॉकरवरून खुर्चीत. तिला विचारलं तर एकच सांगायची, "आत चालू आहे." कागदावर शांत आणि घरात हे असं. मग लोक काय म्हणणार? शेजारीण म्हणाली, आदत पड़ गई है. हणमंत फोनवर म्हणायचा, "ताई, डॉक्टर म्हणत्यात ना काही न्हाई? मग जरा मन घट्ट कर. ऊठ." ती हो म्हणायची आणि फोन मला द्यायची. मग भिंतीकडं तोंड करून बसायची. मला तिच्यावर विश्वास होता का? होता. पण दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

रूथ मॅडम मयूर विहारच्याच फेज एकला आईबरोबर राहायच्या, मेट्रोनं कामाला जायच्या. ओळख झाल्यावर रविवारी आमच्याकडं यायला लागल्या, पिठलं खायला. त्यांच्या घरी कुणाला जमत नव्हतं. त्यांनीच एकदा ताटावर बसून सांगितलं की मेंदूतल्या नसांवर एक कव्हर असतं, मायलिन, बरंचसं चरबीचं. आपलंच रक्त चुकून त्याला शत्रू समजतं आणि येऊन ते खातं. तिथं सूज येते. कव्हर गेलेल्या नसेतून निरोप कसाबसा जातो, आणि अंग तापलं की तेवढाही जात नाही. शालननं विचारलं, म्हणजे दिवाळीला तेच होत होतं? तेच, म्हणाल्या. शालननं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "निर्गुडी वाया गेली."

हे झालं झटक्यांचं. पण मॅडमचं काम दुसऱ्याच गोष्टीवर होतं. झटके थांबल्यावर माणूस का खचत जातो? त्यांचं म्हणणं असं की मेंदूत आपले असे झाडूवाले असतात. कचरा उचलणं हे त्यांचं काम. भांडण बघून बघून तेच चिडतात, आणि रक्तातून आलेले बाहेरचे निघून गेले तरी ते चिडलेलेच राहतात, वर्षानुवर्षं. ती बारीक सूज फोटोत नीट येत नाही. मी म्हटलं, आमच्या गेस्ट हाऊसात पण असा एक होता, साहेब गेला तरी भांडी आपटत बसायचा. त्या म्हणाल्या, "बिल्कुल तोच, काका."

एकदा शालननं हट्ट केला म्हणून तिला त्यांची लॅब दाखवायला नेली. उंदरं बघितली, पांढरी, स्वच्छ, आमच्या फ्लॅटपेक्षा चांगल्या खोलीत. मॅडमनी सांगितलं की उंदराला हा आजार आपोआप होत नाही, द्यावा लागतो. शालन म्हणाली, "ह्यांना पण दिवाळीची आंघोळ घालता का?" सगळी पोरं हसली. मग मॅडम म्हणाल्या की उंदीर जगतो ते किती! काकूंसारखं वर्षानुवर्षं हळूहळू होणारं त्याच्यात कळत नाही. त्यासाठी माणसाचाच मेंदू पाहिजे, माणूस गेल्यावर, आणि तो आपल्याकडं कुणी देत नाही. एवढं बोलल्या आणि विषय बदलला. मागितलं नाही. आजवर त्यांनी मागितलेलं नाही, हे मी हणमंतला कितीदा सांगितलंय.

संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला जाते, काला अंबला, जिथं आपले मराठे पडले. आम्ही बहुतेक वर्षी जायचो. शालनला थंडी मानवायची. तिच्या मते दिल्लीचा तो एकच महिना देवानं तिच्यासाठी केला होता. लॅब बघितल्यानंतरच्या संक्रांतीला ती खुर्चीत होती. लोक फुलं वाहत होते, घोषणा देत होते, मी तिळगूळ वाटत होतो. तिनं मला खुणेनं बोलावलं.

"अहो, ह्यांचं कुणी काही परत नेलं का गावाला?"

मी म्हटलं, काय नेणार? इथल्याच मातीत गेलं सगळं.

"मग ते घरी गेले नाहीत असं म्हणायचं का?"

मी म्हटलं, मला काय माहीत, मी स्वयंपाकी आहे.

तेव्हा म्हणाली, "मी गेले की डोकं रूथला द्या. बाकीचं हणमंतला द्या, नदीत सोडायला. आत्ताच सांगते. इथं माणसं आहेत, तुम्हाला ओरडता येणार नाही."

मी ओरडलो नाही. म्हटलं, तुझ्या डोक्यात बघण्यासारखं काय आहे?

"तेच तर बघायचंय," ती म्हणाली. "मी खोटं बोलत होते का, ते कळू दे एकदाचं."

मीनाला घरी येऊन तिनंच सांगितलं. मीना आधी रडली, मग सही केली. मी आधी सही केली. रडणं नंतर काढू म्हटलं.

माघात तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातच, सकाळी गेली. मीनानं मॅडमना फोन केला. त्या स्वतः आल्या. कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, अजूनही नाही म्हणू शकता. कुणी काही विचारणार नाही." मी म्हटलं, ती विचारेल. घेऊन जा. दुपारपर्यंत सगळं झालं. चेहऱ्याला कुठं हात लावलेला नव्हता. केसांखाली मागच्या बाजूला टाके, दिसतही नव्हते. हणमंत आणि त्याची बायको यायचे होते म्हणून रात्रभर दवाखान्यातच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी घरी आणली. ते दोघं विमानानं आले, आयुष्यात पहिल्यांदा.

सवाष्ण गेलेली, तेव्हा बायकांनी सगळं यथासांग करायला घेतलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या. आंघोळ घालायला गॅसवर पातेलं चढवलं. मी म्हटलं, गार पाणी घ्या. त्या म्हणाल्या, रीत आहे, कोमट तरी लागतं. मी म्हटलं, गार. कुणी तरी म्हणालं ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मीना उठली, पातेलं उतरवलं आणि नळाखाली बादली लावली.

हणमंतची बायको केस विंचरत होती, तिच्या हाताला टाके लागले. ती बाहेर आली आणि नवऱ्याच्या कानात बोलली. हणमंत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. अख्खा जिना माणसांनी भरलेला.

"दाजी, माझी बहीण पुरी हाय का?"

मी म्हटलं, नाही. मेंदू दिलाय, संशोधनाला.

"कुणाला इचारून?"

"तिला."

हणमंत म्हणाला, आमच्यात माणूस पुरा जातो. पुढच्या जन्मी बिनमेंदूची जन्माला आली म्हणजे?

मी म्हटलं, "तर तुझ्याच घरात येईल."

शेजारचा बंगाली काही न कळल्यामुळे मान हलवत राहिला. मराठी माणसांनी खाली बघितलं. एकाला खोकला आला. मीना म्हणते पप्पा, हे बोलायला नको होतं. मला तसं वाटत नाही. त्या वेळी मला दुसरं काही बोलता आलं असतं तर मी पडलो असतो. हणमंतनं खांदा दिला, पुढचा. अस्थी घेतल्या आणि चहा न पिता गेला. कृष्णेत त्यानंच सोडल्या, व्यवस्थित, भटजी बोलावून. त्याबद्दल मी त्याला कधी काही म्हटलं नाही, ना चांगलं ना वाईट.

बरेच महिने फोन नाही. मग दसऱ्याला आला. राग गेला होता. नदीच्या बाजूला त्यानं एक खोली काढलीय, संडास आत, माझ्यासाठी. म्हणाला, दाजी, भाकरी तुम्हीच आम्हाला करून घाला, पर या. मग ते दुसरं बोलला. वर्षश्राद्धाला जे ऱ्हायलंय ते आणा. ताई पुरी होईल.

हे शेवटचं माझ्या डोक्यात बसलं. मी देवाधर्माशी भांडणारा माणूस नाही. सांजेला दिवा मीही लावतो. ताई पुरी होईल म्हटल्यावर माणूस विचार करतो. इथं काय आहे माझं? मीना गुडगावला तिच्या संसारात. शनिवारी येते, फ्रीज उघडून बघते, ओरडते आणि जाते. गेस्ट हाऊसातले सगळे नवे, मला गेटवर पास मागतात. गावात निदान माझं नाव घेऊन हाक मारणारं कुणी तरी आहे.

म्हणून ह्या पौषात मी मेट्रो बदलत बदलत मॅडमकडं गेलो. सरळ विचारलं. शालनचं परत नेता येईल का?

त्या म्हणाल्या, "बिल्कुल येईल काका. तुमचा हक्क आहे." अर्धा फ्रीजरमध्ये आहे, अर्धा औषधात, आणि थोडा पातळ कापून काचेवर लावलेला. काचासुद्धा देऊ, म्हणाल्या. व्यवस्थित पॅक करून देऊ. मी म्हटलं, तुमचं किती नुकसान होईल? "ते तुम्ही नाही बघायचं," म्हणाल्या. पण माझ्याकडं बघत नव्हत्या. टेबलावरची एक पेन्सिल सरळ करत होत्या.

मी म्हटलं, आलोच आहे तर एकदा दाखवा.

त्यांनी दोनदा विचारलं, नक्की का. मग दुर्बिणीसमोर बसवलं. आधी निळं दिसलं, नुसतं निळं, छान गडद, लुगड्याला असायचं तसं. म्हणाल्या, जिथं निळं तिथं कव्हर शाबूत. मग काच सरकवली आणि मध्ये फिकट पट्टा आला, धुऊन धुऊन विटल्यासारखा. हे गेलेलं. मग दुसरी काच लावली, त्यात त्या फिकट जागेच्या काठाकाठानं तपकिरी ठिपके, दाटीवाटीनं, मुंग्या लागल्यासारखे. म्हणाल्या, हेच ते, चिडलेले.

"काका, हे जुनं नाहीये. हे काकू गेल्या तेव्हा चालू होतं. शेवटपर्यंत."

मी म्हटलं, डॉक्टर तर शांत म्हणायचे.

"स्कॅनमध्ये जेवढं दिसतं तेवढं शांत होतं. डॉक्टर खोटं नाही बोलले. पण काकू बरोबर म्हणत होत्या."

मी परत डोळा लावला. किती वेळ बघितलं ते माहीत नाही. माणसाला कुणी खोटं म्हणत असेल आणि त्याचा साक्षीदार सापडावा, तसं झालं. मी विचारलं, ह्याच्यातून औषध निघेल? मॅडम म्हणाल्या, माहीत नाही. लवकर तर नाहीच. कदाचित माझ्या नोकरीतही नाही. माहीत नाही म्हणणारं माणूस मला आवडतं.

मग त्यांनी आणखी एक काच लावली, सगळी निळी, एकही डाग नाही. हा आजार नसलेल्या माणसाचा. शेजारी ठेवून बघायला तसाही लागतो, नाही तर वय झाल्यामुळे काय झालं आणि आजारामुळे काय ते कळत नाही. तोही इथं मिळत नाही, ही काच परदेशातून मागवलेली. म्हणाल्या, खरं तर पाहिजे कसा, तर त्याच वयाचा, त्याच शहरातला. एकाच घरातला असेल, तेच पाणी प्यालेला, तेच जेवलेला, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. एवढं बोलल्या आणि घाईनं काच काढायला लागल्या. चेहरा लाल. म्हणाल्या, "काका, मी मागत नव्हते. सॉरी."

मी म्हटलं, चौथी पास चालेल का?

आधी त्यांना कळलं नाही. मग हसल्या, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागल्या. मी विचारलं, तिच्या शेजारी ठेवाल का? म्हणाल्या, नंबरप्रमाणे ठेवतो काका. थोड्या वेळानं म्हणाल्या, बघते.

बाहेर गार्डच्या खुर्चीशेजारी कट्ट्यावर बसून मी हणमंतला फोन लावला. म्हटलं, आणत नाही. त्यानं काही बोलायच्या आत सांगितलं की तू तिला म्हणायचास ऊठ, मन घट्ट कर. शेवटपर्यंत आत चालू होतं. मी डोळ्यांनी बघून आलोय.

त्यानं तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "दिसतं?"

"दिसतं."

"मला दावत्याल?"

मी म्हटलं, दाखवतील. ये.

वर्षश्राद्धाला मी गावी येतोय, पिंडाला बसायला. नदीकाठची खोली बघीन, दोन दिवस राहीन, भाकरी करून घालीन, आणि परतीचं तिकीट काढलेलं आहे. दिल्लीला परत येताना हणमंतला बरोबर आणणार आहे. मीनानं माझ्याही कागदावर सही केली. म्हणाली, पप्पा, तुम्ही दोघं पण ना, यार. आणि फ्रीज उघडून बघायला लागली.

आता कुणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर मी कराडकडचा सांगतो, अजूनही. पण कुठं राहता विचारलं आणि मी मयूर विहार म्हटलं, की ते मला अपुरं वाटतं. गुडगावच्या पुढची ती थंडगार खोलीही त्यात आली पाहिजे. तिथं उकाडा नाही. तिथं तिला कुणी ऊठ म्हणत नाही. रोज सकाळी कोणी तरी येतं आणि नीट लक्ष देऊन तिचं बघतं.

त्या दिवशी हणमंतनं फोन ठेवताना विचारलं, "दाजी, मग तुमचं काय? तुमी तरी शेवटी गावाला येणार का न्हाई?"

मी म्हटलं, येणार. शालन जेवढी आली, तेवढाच.